मशीन पिळायला लागलं की

चिमटी स्पर्धांना जायला लागेपर्यंत तिला वाटायचं, बुद्धिबळातला एक काळा घोडा सगळ्या जगात कपड्यांच्या चिमट्याचाच असतो. कारण त्यांच्या लाँड्रीतल्या पटावर तो तसाच होता. खरा घोडा कधीतरी कुणाच्या तरी कोटाच्या खिशात पडला, कोट धुऊन, इस्त्री होऊन, कागदात गुंडाळून मालकाच्या घरी गेला आणि घोडा काही परत आला नाही. मामाने त्याच्या जागी लाकडी चिमटा उभा केला आणि डाव पुढे चालू ठेवला. तो डाव मामा हरला. मामा बहुतेक सगळेच डाव हरायचा, पण कधीच वाईट वाटून घ्यायचा नाही. त्याच्या मते हरणं म्हणजे जिंकण्याची उधारी.

पहिल्या स्पर्धेत समोर दोन्ही काळे घोडे नाकीडोळी नीटस उभे बघून चिमटीचा इतका हिरमोड झाला, की तिने फ्रॉकच्या खिशातून चिमटा काढला आणि पंचांना विचारलं, एक बदलून मिळेल का? हॉलभर हशा पिकला. तेव्हापासून तिचं खरं नाव फक्त शाळेच्या हजेरीपुरतं उरलं.

तर ती लाँड्री. पुढे काउंटर, मागे दोरीवर हँगरांची रांग, मधे चादरींच्या घड्या घालायचं लांब टेबल आणि टेबलाला अगदी खेटून ते अजस्र मशीन. बाबा गाडी घेऊन हॉटेलांच्या चादरी आणायला-पोचवायला जायचे, आई घड्या घालायची, मामा इस्त्री करायचा आणि टेबलाच्या रिकाम्या टोकाला पट मांडलेला असायचा. मशीन धुवत असायचं तोवर ठीक. पण एकदा का ते पिळायला लागलं, की फरशीपासून छतापर्यंत दुकान गुरगुरायचं, हँगर एकमेकांवर खणखणायचे आणि पटावरचे मोहरे आपल्या मनाने चालायला लागायचे. उंट शेजारच्या घरात डोकवायचा. वजीर काठावर जाऊन उभा राहायचा, आता या घराचा की त्या घराचा हे त्याचं त्यालाही सांगता येऊ नये असा.

आणि इथेच मामाची लबाडी सुरू व्हायची. मोहरा नीट करतो म्हणत तो हळूच घर बदलायचा. चिमटी ओरडायची, मामा शपथा घ्यायचा, इस्त्रीखाली कुणाचा तरी शर्ट तापत राहायचा. शेवटी आईने एक दिवस हातातली चादर टेबलावर आपटून निकाल दिला. मोहऱ्याला हात लागला की तोच चालायचा, मग आभाळ कोसळो. नुसता नीट करायचा असेल तर आधी तोंडाने सांगायचं. आणि मशीन पिळत असेल तेव्हा मात्र कुणालाही न सांगता मोहरे सरळ करायची मुभा, कारण तेव्हा सांगितलेलं ऐकू कुणाला येतंय?

आईला बुद्धिबळ येत नव्हतं. पण हा कायदा तिने असा राबवला की बस. पाठ वळवून घडी घालत असली तरी कुणाचं बोट कुठल्या प्याद्याला शिवलं हे तिला कळायचं. मामाचे निम्मे पराभव या एकाच कलमाखाली झाले. चिमटी तर या बाबतीत आईपेक्षा कडक निघाली. “मामा, हात लागला,” एवढंच ती म्हणायची आणि हाताची घडी घालून बसायची. मग मामाला आपला वजीर स्वतःच्या हाताने मरायला पाठवावा लागायचा.

मामाने तिला बुद्धिबळ शिकवलं असं सगळे म्हणतात आणि मामा ते नाकारत नाही. खरं म्हणजे त्याला येत होतं तेवढं सगळं त्याने एका दुपारी शिकवून टाकलं आणि पुढच्या महिन्यापासून तो तिच्याकडून हरायला लागला. मग ती पडदे न्यायला आलेल्या गिऱ्हाइकांना हरवायला लागली. मग अशी गिऱ्हाइकं यायला लागली ज्यांच्याकडे धुवायला काही नव्हतंच. बँकेतून निवृत्त झालेले एक काका तर एकच स्वच्छ पांढरा शर्ट दर आठवड्याला धुवायला आणायचे, हरायचे आणि तोच शर्ट घेऊन जायचे. शर्ट झिजला, पण काका काही जिंकले नाहीत.

त्याच काकांनी तिला औषधांच्या दुकानावरच्या माडीवर भरणाऱ्या बुद्धिबळाच्या वर्गात नेऊन बसवलं. तिथले मास्तर फार कमी बोलत. पहिल्या दिवशी तिचे दोन डाव बघून त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि आईला फोन करून विचारलं, ही मुलगी नक्की कुठे शिकली? आई म्हणाली, कपड्यांत.

त्यानंतर जे सुरू झालं त्याला करिअर म्हणायचं की पूर, हे चिमटीलाही सांगता आलं नसतं. नऊ वर्षांखालच्या मुलांत पहिली, मग बारा वर्षांखालच्या, मग चौदा. घरात कप इतके झाले, की आई त्यांत बटणं ठेवायला लागली. मोठ्या कपात कोटाची, मधल्यात शर्टाची आणि सगळ्यात मानाचा जो चांदीसारखा कप होता, त्यात सेफ्टी पिना. शाळेत सगळ्यांना वाटायचं, हिला गणितात पैकीच्या पैकी पडत असणार. गणितात ती काठावर पास होती. गणिताच्या बाई म्हणायच्या, अगं, वीस चाली पुढचं दिसतं आणि हातचा एक दिसत नाही? चिमटी म्हणायची, बाई, हातच्याला नीट चाल नसते.

पण पंधराव्या वर्षी पूर एका जागी येऊन अडला. ग्रँडमास्टर व्हायचं तर रेटिंग अडीच हजारांवर न्यावं लागतं. ते तिने नेलं होतं. शिवाय तीन मोठ्या स्पर्धांमध्ये जबरदस्त खेळून दाखवावं लागतं, त्या प्रत्येक वेळेला नॉर्म म्हणतात. दोन नॉर्म झाले होते. तिसरा मात्र मांजरासारखा. जवळ यायचा, पायात घुटमळायचा आणि हात पुढे केला की पळून जायचा. एकदा अर्ध्या गुणाने गेला. पुन्हा अर्ध्याच गुणाने गेला. दुसऱ्यांदा गेला तेव्हा ती घरी येऊन मशीनमागे जाऊन बसली, आणि मामाने मशीन पिळण्यावर लावलं, म्हणजे तिला पोटभर रडता यावं आणि कुणाला ऐकू जाऊ नये.

म्हणून या वेळी, समुद्राकाठच्या त्या मोठ्या हॉटेलात, शेवटच्या फेरीच्या सकाळी चिमटीने बशीतल्या बिस्किटालाही हात लावला नाही. या डावात नुसती बरोबरी झाली तरी नॉर्म तिचा. हरली तर तिसऱ्यांदा अर्धा गुण. आणि समोर कोण? तिच्या जन्माच्या आधीपासून ग्रँडमास्टर असलेले एक गृहस्थ, ज्यांना ती आणि मामा आपापसात कोटवाले म्हणत. कारण त्यांच्या कोटाच्या बाहीवर इस्त्रीच्या दोन घड्या होत्या, एकीशेजारी एक, रेल्वेच्या रुळांसारख्या. मामाला ते पाहवेना.

“चिमटे, ज्याने ही इस्त्री करून घेतली आणि वर पैसे दिले, त्याला हरवायला काय हरकत आहे?” तो म्हणाला.

मामाला एरवी खेळाच्या हॉलमध्ये यायची बंदी होती. ती आयोजकांची नव्हे, आईची. मामाचा चेहरा म्हणजे उघडी खिडकी. चिमटीने वाईट चाल केली की तो कपाळाला हात लावायचा आणि समोरचा खेळाडू ते बघून सावध व्हायचा. या वेळी आई लाँड्री आणि बाबा गाडी सोडून येऊ शकत नव्हते, म्हणून मामाला पाठवताना आईने अट घातली: प्रेक्षकांच्या दोरीमागे उभं राहायचं, तोंड मिटलेलं आणि दोन्ही हात खिशात. मामाने शपथ घेतली. त्याच्या शपथांची किंमत आईला ठाऊक होती, पण दुसरा माणूस नव्हता.

डाव सुरू झाला. चिमटीकडे काळे मोहरे. कोटवाले सावकाश खेळत, प्रत्येक चाल करून झाल्यावर मोहऱ्याच्या डोक्यावर बोट किंचित टेकवत, जणू बाळाला झोपवतायत. त्या अंगाई अंगाईतच त्यांनी तिचं एक प्यादं खाल्लं. कसं गेलं ते तिला कळायच्या आत गेलं. मग मोहरे भराभर पटावरून उतरले आणि उरला काय, तर दोघांचा एकेक हत्ती, दोघांचे राजे आणि थोडी प्यादी. त्यातलं एक प्यादं त्यांचं जास्त, आणि ते हळूहळू पुढे येत होतं.

अशा वेळी काय करायचं हे मास्तरांनी तिच्याकडून घोटून घेतलं होतं. गप्प बसायचं. राजा कोपऱ्याजवळ, कपाटातल्या स्वेटरसारखा घडी घालून ठेवायचा आणि हत्ती इकडून तिकडे, तिकडून इकडे हलवत राहायचा. समोरच्याला कंटाळा येईल, वाट सापडणार नाही, डाव बरोबरीत सुटेल. हत्ती इकडे. हत्ती तिकडे. कोटवाले काही कंटाळत नव्हते. प्यादं आणखी एक घर पुढे आलं. तिची चाल होती, हत्ती इकडे आणायचा होता.

आणि तेवढ्यात तिच्या पायाखालची जमीन गुरगुरली.

अगदी बारीक. हॉलमध्ये कुणाची पापणीही हलली नाही. पण चिमटीचा जन्मच त्या गुरगुरीवर झालेला. हॉटेलच्या तळघरात लाँड्री होती आणि तिथलं मशीन चादरी पिळायला लागलं होतं. टेबलाचे पाय थरथरले. ग्लासातल्या पाण्यावर गोल गोल रेघा उठल्या. तिच्या काळ्या राजाचं बूड आधीच घराच्या रेघेला टेकलेलं, तो आणखी केसभर सरकला. आणि तिचा हात, तिला न विचारता, दहा वर्षांच्या सवयीने पुढे गेला, दोन बोटांनी राजाला घराच्या बरोबर मध्ये ठेवून परत आला.

मशीन पिळत होतं. सांगायची गरज नव्हती. तिच्या घरी.

कोटवाल्यांनी मान वर केली आणि हळूच हात उंचावून पंचांना बोलावलं. राजाला हात लागला, असं त्यांनी अगदी सभ्य आवाजात सांगितलं. नीट ठेवते असं खेळाडूने आधी सांगितलेलं नाही. तेव्हा राजाच चालला पाहिजे.

पंचबाई वाकल्या. त्यांनी काही पाहिलं नव्हतं. धक्का लागला असेल, बोट नकळत घासलं असेल, तर त्याला हात लावणं म्हणत नाहीत. त्यांनी विचारलं, चुकून लागला का?

एक लहानसं “हो” पुरलं असतं. चिमटीच्या जिभेच्या टोकावर ते येऊन बसलंही होतं. तिने सहज मान वळवली आणि तिला दोरीपलीकडे मामा दिसला. मामाचा उजवा हात खिशाबाहेर होता. हवेत. दोन बोटं पुढे, समोर नसलेल्या कुठल्या तरी मोहऱ्याला सरळ करायला निघालेली, आणि अर्ध्या वाटेत थिजलेली. त्यालाही मशीन जाणवलं होतं. त्याचाही हात आपोआप गेला होता. आपला हात असा आभाळात का आहे हे त्याला आत्ता कळत होतं आणि त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

चिमटीला असं काही हसू फुटलं की तिला ते गिळावं लागलं, आणि हसूबरोबर ते “हो” पण गिळलं गेलं. या माणसाला तिने किती वेळा वजीर मरायला पाठवायला लावलं होतं. हाताची घडी घालून.

“चुकून नाही,” ती म्हणाली. “नीट ठेवायलाच लावला. सांगायचं राहिलं. राजाच चालवते मी.”

कोटवाल्यांनी भुवई उंचावली. पंचबाईंनी मान हलवली आणि त्या बाजूला झाल्या.

आता बघा काय गंमत होती. राजाला जायला दोनच घरं होती. मागचं घर म्हणजे कोपरा. तिथे गेला तर कोटवाल्यांचा हत्ती येऊन बसणार, प्यादं धावत सुटणार आणि खेळ खलास. पुढचं घर म्हणजे उघडं मैदान. तिथे राजाला न्यायचा विचार चिमटीने केला नव्हता, मास्तरांनी केला नव्हता, आणि खरं तर कोटवाल्यांनीही केला नव्हता. म्हणून तर ते इतके शांत होते.

तिने राजा पुढे टाकला. दुसरा इलाज नव्हता, आणि इलाज नसल्यामुळे एक विचित्र हलकेपणा आला, खांद्यावरचं ओल्या चादरींचं ओझं कुणी उतरवून घ्यावं तसा.

कोटवाल्यांनी शह दिला. राजाला बाजूला व्हायचं तर आणखी पुढेच व्हावं लागलं. त्यांनी पुन्हा शह दिला. राजा आणखी पुढे. प्रत्येक शह त्याला मागून ढकलत होता, आणि तो काळा बुटका राजा, आयुष्यभर कपाटात राहिलेला, पटाच्या मधोमध ऐटीत फिरायला निघाला होता. चिमटीला आता खालचं मशीन पावलांत, गुडघ्यांत, पोटात जाणवत होतं, आणि तिला वाटत होतं की सगळं हॉटेल आपल्या बाजूने गुरगुरतंय. शह संपले. कोटवाल्यांचा हत्ती लांब पडला होता. राजा त्या आगाऊ प्याद्याच्या शेजारी पोचला होता. त्याने ते खाल्लं.

आता कोटवाल्यांनी पहिल्यांदा मोहऱ्यावर बोट टेकवलं नाही. त्यांनी बराच वेळ विचार केला. बाहीवरची घडी चोळली, दोन्ही. मग एक चाल केली, तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “मला वाटतं, बरोबरी…”

“हो,” चिमटी म्हणाली. त्यांचं वाक्य अजून पुरं व्हायचं होतं. तिचा हात त्यांच्या हातात आधीच जाऊन पडला होता.

कोटवाले हसले. हसले तेव्हा ते एकदम कुणाचे तरी आजोबा झाले. घड्याळ थांबवल्यावर त्यांनी तिचा हत्ती उचलून एका घरात ठेवला, मग आपला राजा बोटाने आडवा पाडला. “घाई केलीस गं पोरी. हा इथे आला असता की मी कोट झटकून घरीच जाणार होतो.”

चिमटीने पाहिलं. खरंच होतं. ती जिंकत होती. सरळ सरळ, डोळ्यांसमोर. हातचा दिसला नव्हता. आणि तिला याचं इतकं हसू आलं, इतकं हसू आलं, की पंचबाईंना तिला बाहेर न्यावं लागलं. बाकीचे डाव अजून चालू होते.

बाहेर मामा भिंतीला टेकून नाक पुसत होता. काही विचारायच्या आधीच त्याने फोन तिच्या हातात दिला. पलीकडे आई होती आणि आईच्या मागे त्यांचं मशीन, तेही पिळण्यावर. आई म्हणाली, काही ऐकू येत नाही, मोठ्याने सांग. मग चिमटीने हॉटेलच्या त्या झुंबराखालच्या गालिच्यावर उभं राहून, सूटबूटवाल्या पाहुण्यांसमोर, बेंबीच्या देठापासून सांगितलं की ती ग्रँडमास्टर झाली. आईने विचारलं, म्हणजे आता आणखी कप येणार का, कारण हुक ठेवायला काही नाहीये. आणि मग फोनमध्ये नुसतं मशीन ऐकू येत राहिलं, बराच वेळ, कारण आई बोलत नव्हती. मशीन चालू असलं की कुणाला काही ऐकू जात नाही, हे त्या घरात सगळ्यांना माहीत होतं.

त्यानंतर ती दोघं तळघरात गेली. बक्षीस समारंभाच्या आधी, मामा आणि भाची, वाट विचारत विचारत. चादरींच्या डोंगरामागून तिथल्या बाईंनी विचारलं, काय हवंय? चिमटी म्हणाली, काही नको, फक्त मशीनला भेटायचंय. बाईंना वाटलं, मोठ्या हॉटेलात सगळ्या तऱ्हेचे पाहुणे येतात. त्यांनी बोट दाखवलं. मामाने मशीनच्या पाठीवर थाप मारली, मग लगेच खाली वाकला. एक पाय किंचित आखूड होता, म्हणून एवढं हादरत होतं. त्याने खिशातून पुठ्ठ्याचा तुकडा काढला. असे तुकडे त्याच्या खिशात नेहमी असतात.

“राहू दे की मामा,” चिमटी म्हणाली. “वर अजून डाव चालू आहेत. कुणाचा तरी राजा कोपऱ्यात बसला असेल.”

घरी पोचल्यावर मास्तर आले, गणिताच्या बाई आल्या, शर्टवाले काका नवा शर्ट घालून आले. सगळे गेल्यावर मामाने पट मांडला, चिमट्याचा घोडा जागेवर उभा केला आणि म्हणाला, या ग्रँडमास्टर. डाव मध्यावर आला तरी मशीन पिळत होतं, हँगर खणखणत होते, मोहरे चालत होते. मामाने तोंडाने काही न म्हणता आपला राजा दोन बोटांनी सरळ केला.

“मशीन थांबलं होतं,” घडी घालता घालता आई म्हणाली. तिची पाठ त्यांच्याकडे होती.

दुकान खरंच शांत होतं. एक हँगर अजून झुलत होता, तेवढाच. मामाने कान टवकारले, छताकडे पाहिलं, चिमटीकडे पाहिलं. चिमटीने हाताची घडी घातली.

मामाने छाती फुगवली, राजाला उचललं आणि मोठ्या थाटात उघड्या मैदानात नेऊन ठेवलं. आजकाल असंच खेळतात, तो म्हणाला, मोठमोठे लोक.

चौथ्या चालीला मात झाली.